मागचा दिवा आणि पायाची पट्टी

लखनौच्या रस्त्यावर ‘साइकिल पे लाइट लगवा लो’ असा फलक हातात धरून उभ्या असलेल्या खुशी पांडे या तरुणीची छायाचित्रं २०२२मध्ये देशभर फिरली. डिसेंबर २०२०मध्ये थंडीतल्या एका रात्री तिच्या आजोबांच्या सायकलला मोटारीने उडवलं आणि त्यात ते गेले. सायकलला दिवा नव्हता. त्यानंतर तिने बिनदिव्याच्या सायकली थांबवून त्यांना लाल दिवे बसवून द्यायला सुरुवात केली. त्याचे पैसे ती घेत नाही. आणि दिवा नुसता हातात ठेवत नाही, तिथल्या तिथे सायकलला पक्का करून देते.

२०२२ या एका वर्षात भारतात साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर मृत्युमुखी पडले. हौशी सायकलपटू पुढे-मागे झगझगीत दिवे लावूनच निघतात. अंधारात चाचपडतो तो रात्रपाळीचा वॉचमन, पहाटेचा पेपरवाला, कारखान्यातून सुटलेला कामगार. तेव्हा फुकट दिवे वाटून अपघात खरोखर कमी होतात का, हा प्रश्न नीट तपासून पाहण्यासारखा आहे.

तो डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात तपासला गेला. २००४-०५मध्ये तिथल्या ३,८४५ सायकलस्वारांपैकी १,८४५ जणांच्या सायकलींना कायम पेटते दिवे बसवले. उरलेले २,००० जण तुलनेसाठी तसेच ठेवले. या दिव्याला बॅटरी लागत नाही. चाकाच्या तारांवर छोटी चुंबकं बसवलेली असतात आणि आसाजवळच्या दिव्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चाक फिरलं की चुंबक वेटोळ्यासमोरून सरकतं, तारेत वीज निर्माण होते आणि दिवा लुकलुकतो. फॅरेडेने १८३१मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. पूर्वी आपल्याकडे टायरला घासून चालणारा डायनॅमो असे. तो लावला की सायकल जड चाले, म्हणून पुष्कळ जण पोलीस दिसला की तेवढ्यापुरता लावत. ओडेन्सच्या दिव्याला घर्षण नाही, बटण नाही, विसरण्याची सोय नाही. वर्षभराच्या नोंदींत दिवे असलेल्यांमध्ये इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळलं.

पुढे डॅनिश संशोधकांनी ६,७९३ स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना पिवळी जाकिटं वाटली. त्यांचे इजेचे अपघात ४७ टक्क्यांनी कमी भरले. मात्र संशोधकांना एक खटकलं. जाकीटवाल्यांनी आपण होऊन घसरून पडल्याच्या घटनाही कमी कळवल्या होत्या. जाकीट दुसऱ्याला दिसण्यासाठी असतं. ओल्या रस्त्यावर घसरण्यापासून ते कसं वाचवणार? म्हणजे जाकीट मिळालेली माणसं किरकोळ अपघात कळवतच नसावीत. तेवढा वाटा वजा केल्यावर आकडा ३८ टक्क्यांवर आला. मला या दोन्ही आकड्यांपेक्षा ती वजाबाकी मोलाची वाटते. आपल्याकडे वाटपाच्या कार्यक्रमानंतर किती वस्तू वाटल्या हे छापून येतं. पुढे काय झालं, हे मोजायला कुणी जात नाही.

नुसता दिवा पुरत नाही, हे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी दाखवलं. बंद रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्यांना सायकलस्वार दिसला की सांगायला सांगितलं होतं. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार शंभरात दोनदाच ओळखू आला. फ्लुरोसंट जाकीट घातल्यावर पंधरा वेळा, परावर्तक जाकीट घातल्यावर पन्नास वेळा. आणि त्याच जाकिटासोबत घोट्यांवर व गुडघ्यांवर परावर्तक पट्ट्या बांधल्या तेव्हा नव्वद वेळा! हँडलवरच्या दिव्याने, मग तो स्थिर असो की लुकलुकता, फरक पडला नाही.

फ्लुरोसंट रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर उजळतो. रात्री ते किरणच नसतात, म्हणून तो निष्प्रभ होतो. पट्ट्यांचं गमक मात्र आपल्या मेंदूत आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३मध्ये दाखवलं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त प्रकाशाचे ठिपके असले, तरी ते हलू लागताच पाहणारा क्षणात ‘माणूस चालतोय’ हे ओळखतो. पेडल मारणाऱ्या पायांची वरखाली होणारी लय हीच ती खूण. एकटा दिवा म्हणजे काळोखातला एक ठिपका. तो किती लांब आहे, कशाचा आहे, हे कळत नाही. पाय दिसले की माणूस दिसतो.

मग दिवे सोडून पट्ट्याच वाटाव्यात का? नाही. पट्टीवरचे काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्रिझम आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात, म्हणून ज्या गाडीचे हेडलाइट त्यांच्यावर पडतात तिच्याच चालकाला पट्टी चमकताना दिसते. चौकात आडव्या रस्त्याने येणाऱ्या गाडीचा झोत भलतीकडेच असतो. तिथे स्वतःचा प्रकाश असलेला दिवाच उपयोगी. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांना गळीत हंगामात रिफ्लेक्टर लावतात, तेही मागून येणाऱ्या गाडीसाठीच. चिखलाने माखले की ते असून नसल्यासारखे होतात.

वेळेचा हिशेबही पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर संपले. थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. पन्नास मीटरवरून जो ओळखू येत नाही, त्याच्यासाठी ब्रेक उशिरा लागतो.

दिवा हवा, पण समोरच्याला दिपवणारा नको. नदीकाठचे किंवा टेकडीवरचे सायकल-मार्ग चालणाऱ्यांचेही असतात. तिथे प्रखर टॉर्च समोरच्याच्या डोळ्यांवर मारणं हे अपघाताला दिलेलं निमंत्रणच. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, झगझगाट ती सवय क्षणात मोडतो. पुढचा दिवा जरा खाली, रस्त्याकडे वळवा.

दिवाळीत सोसायटीच्या वॉचमनला मिठाईचा पुडा देतो, तसा या वर्षी त्याच्या सायकलला मागे लाल दिवा स्वतः बसवून द्या. दोन्ही पेडलांचे रिफ्लेक्टर तुटले असतील तर नवे लावा, घोट्याला बांधायच्या दोन पट्ट्या द्या. आणि तीन-चार महिन्यांनी दिवा पेटतो का, तेही बघा.