वर्गातले माती परीक्षण



लागणीपूर्वी माती परीक्षण करून घ्या, असे आम्ही या पानांतून दरवर्षी सांगत आलो आहोत. जमिनीत काय आहे आणि काय कमी आहे हे न पाहता, शेजाऱ्याने टाकला म्हणून आपणही युरिया ओतला, तर पैसा जातो आणि जमीनही बिघडते. ही गोष्ट आता बहुतेकांना पटली आहे. परंतु पोरांच्या शाळेचा विषय निघाला की आपण नेमके उलटे वागतो. "शेजारच्या गावच्या शाळेत टॅब आले, आपल्याकडं कधी येणार?" हा प्रश्न ग्रामसभेत मोठ्या आवाजात विचारला जातो. टॅब कशासाठी हवेत, कोणत्या पोराचे कुठे अडले आहे, हे मात्र कुणी विचारीत नाही.

म्हणूनच कार्यक्षेत्रातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत जे चालले आहे, त्याची हकिकत सभासदांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले. शाळेचे व बाईंचे नाव देत नाही, कारण तशी विनंती बाईंनीच केली. "नाव छापू नका, काम अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही," असे त्या म्हणाल्या.

एक मोबाईल, दोन वर्ग

या बाई शिक्षणसेवक आहेत. पवित्र पोर्टलमार्फत निवड होऊन त्यांची ही पहिलीच नेमणूक. पाचवी आणि सहावी असे दोन वर्ग त्यांच्यापुढे एकाच खोलीत बसतात. पाचवीला शिकवायचे तर सहावीला लिहायला बसवायचे, असा हा कारभार. देणगीत आलेला टीव्ही होता, पण वीजबिल थकून जोडणी तोडल्यामुळे तो कपाटावर फडक्याखाली झाकून ठेवलेला. राहता राहिला बाईंचा स्वतःचा मोबाईल. प्राथमिक शिक्षणसेवकांचे मानधन २०२३ मध्ये महिना ६,००० वरून १६,००० रुपये झाले. त्यातूनच बाई नेटपॅक भरतात.

पहिल्या महिन्यात त्यांनी मोफत मिळेल ते सारे वापरून पाहिले. गुण देणारे खेळ, चित्रफिती, प्रश्नमंजूषा. पोरे टाळ्या पिटायची, वर्ग डोक्यावर घ्यायची. बाई सांगतात, "पोरं खूश होती, मी पण खूश होते. पण पाटीवर गणित घातलं की पुन्हा तेच! मग म्हटलं, हे सगळं बाजूला ठेवू. आधी बघू, अडलंय कुठं."

येथूनच खरे काम सुरू झाले.

उतारा ११.५ मोठा की ११.२५?

बाईंनी जे साधन निवडले त्याचे नाव प्लिकर्स. यात पोरांच्या हातात मोबाईल लागत नाही. प्रत्येकाला कागदाचे एक चौकोनी कार्ड मिळते. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी असते आणि चार बाजूंना चार पर्यायांची बारीक अक्षरे असतात. बाई फळ्यावर प्रश्न लिहितात. ज्याला जो पर्याय बरोबर वाटेल त्याने ती बाजू वर करून कार्ड धरायचे. बाई मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणत्या क्रमांकाच्या मुलाने काय उत्तर दिले ते क्षणात पडद्यावर दिसते. प्रत्येकाची नक्षी निराळी असल्याने शेजाऱ्याचे बघून उत्तर देण्याची सोय नाही. या साधनाच्या मोफत भागाला काही मर्यादा आहेत, पण वर्गापुरते भागते.

आम्ही गेलो त्या दिवशी दशांश अपूर्णांक चालू होते. त्यावर पहिल्यांदा कार्डे धरली तेव्हा काय झाले ते बाईंनी सांगितले. प्रश्न साधा होता. दोन कारखान्यांचा साखर उतारा दिला आहे, एकाचा ११.५ टक्के आणि दुसऱ्याचा ११.२५ टक्के. जास्त कुणाचा? निम्म्याहून अधिक पोरांनी ११.२५ ची बाजू वर केली. त्यात वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलीही होत्या. का, तर "पंचवीस पाचापेक्षा मोठे नाहीत का, बाई?"

सभासदांना हसू येईल. पण यात पोरांचा आळस नाही. पूर्ण संख्यांत शिकलेला नियम ती दशांश चिन्हाच्या पलीकडेही तसाच लावतात. त्याच वर्गाला आदल्या दिवशी बाईंनी "समजलं का?" म्हणून विचारले होते आणि सगळ्यांनी एका सुरात "हो बाई" म्हटले होते! तोंडी विचारले की चार धीट पोरे बोलतात आणि बाकीची माना डोलावतात. कार्डामागे लपायला जागा नाही, आणि चूक झाली तरी चारचौघांत हसे होत नाही. मागच्या बाकावरचे पोरही तितक्याच निर्धास्तपणे चुकते, आणि ते चुकल्याचे बाईंना कळते.

दुखणे कळल्यावर औषध सोपे झाले. बाईंनी आधी शंभर घरांचा कागद वाटला. निम्मी, म्हणजे ५० घरे रंगवली की ०.५, आणि २५ घरे रंगवली की ०.२५. मग जिओजेब्रा नावाचे मोफत साधन उघडले. हे गणितासाठी २००१ मध्ये ऑस्ट्रियात तयार होऊ लागले आणि आज जगभर वापरले जाते. त्यावर संख्यारेषा मोठी करीत गेले की ११ आणि १२ यांच्यामध्ये खुणा दिसू लागतात. आणखी मोठी केली की त्या खुणांमध्येही बारीक खुणा उमटतात. ११.२५ हे ११.५ च्या अलीकडेच राहते, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिले. पुन्हा कार्डे वर झाली तेव्हा तिघेजण सोडून सर्वांची उत्तरे बरोबर आली. त्या तिघांना बाईंनी मधल्या सुट्टीत जवळ बसवून घेतले.

घरचा अभ्यास काय दिला असेल? शंभर टन उसातून ११.५ टक्के उताऱ्याने किती साखर होईल आणि ११.२५ टक्क्यांनी किती, ते वडिलांना विचारून या. साडेअकरा टन आणि सव्वाअकरा टन; फरक २५० किलोचा, म्हणजे अडीच क्विंटल. ज्या उताऱ्यावर आपल्या उसाचा रास्त व किफायतशीर दर ठरतो, त्याचे गणित पोरांनी प्रथमच बापाशी बोलून सोडवले.

हातातला दिवा आणि पडद्यावरचा दिवा

विज्ञानाच्या तासाला बाईंचा क्रम असा, की आधी हात आणि मग पडदा. विजेचे साधे मंडल शिकवताना पोरांनी सेल, तार आणि बॅटरीतला बल्ब जोडून दिवा लावला. त्यानंतर 'फेट' नावाच्या संचातील विजेचा प्रयोग त्यांनी दाखवला. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी हे काम २००२ मध्ये सुरू केले. त्यातील अनेक प्रयोग मराठीत मिळतात, मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात.

पडद्यावर काय दिसते? तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन, जे हाताने करून पाहता येत नाहीत. आणि बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली की उठणाऱ्या ज्वाळा, ज्या प्रत्यक्षात करून पाहू नयेत! एका पोराने लगेच विचारले, "आमच्या मोटारीच्या पेटीत फ्यूजऐवजी आण्णा जाड तार घालतात, ते असंच का?" आता याचे उत्तर बाईंपेक्षा आपण सभासदांनीच द्यावयाचे आहे.

टोळीची पोरे

हंगाम सुरू झाला की तोडणी टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर पोरेही येतात. या शाळेतही नोव्हेंबरात काही मुले दाखल झाली. मधल्या सुट्टीत बसवून घेतलेल्या तिघांपैकी एक मुलगा टोळीतलाच. गावाकडच्या शाळेत दशांश सुरू झाले तेव्हा तो ट्रॅक्टरवर होता, आणि इथे आला तेव्हा पहिला भाग होऊन गेला होता. त्याला कमी समजणारा म्हणून मागे बसवणे सोपे होते. कार्डांमुळे कळले की त्याचे बाकी गणित चांगले आहे, मधली एक पायरीच तेवढी निसटली आहे.

अशा मुलांना एका गोष्टीचा मोठा आधार आहे. बालभारतीचे पुस्तक बीडमध्ये तेच आणि इथेही तेच. त्यातील क्यूआर कोड दीक्षा ॲपवर धरला की त्या धड्याचे साहित्य उघडते. दीक्षा २०१७ मध्ये सुरू झाले. त्यातील साहित्य मोबाईलमध्ये उतरवून ठेवता येते. बाईंनी टोळीच्या मुकादमाला बोलावून त्याच्या मोबाईलवर हे करून दिले. वाचनासाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरील मराठी गोष्टी निवडून, छापून, शिवून त्यांची पुस्तके केली. हंगाम संपून पोरे परततील तेव्हा शिक्षण हमी कार्डाबरोबर कोणत्या पायरीपर्यंत काय झाले याचा कागदही त्या देणार आहेत. पुढच्या गुरुजींना पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागू नये, एवढाच हेतू.

या वाटेवर आपल्याच भागातला एक दाखला आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वाडीवरच्या शाळेतून जगाला काही देता येते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

पालकांची शंका

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी बाईंना सरळ विचारले, "बाई, आम्ही घरात पोरांच्या हातनं मोबाईल काढून घेतोय आन तुम्ही शाळेत दाखवताय?"

बाई म्हणाल्या, "आबा, मी पोरांच्या हातात देतच नाही. तो माझ्या हातात असतो. पोरांच्या हातात कार्ड, पाटी आणि तार. अभ्यासाला मोबाईल पाहिजे म्हणून पोरगं हट्ट करत असेल, तर मी तसं सांगितलेलं नाही असं समजा."

आबांची शंका निराधार नव्हती. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या तेव्हा अभ्यास मोबाईलवर गेला; ज्या घरात मोबाईल नव्हता ते पोर मागे पडले आणि ज्या घरात होता तेथे तो पोरांच्या हातून सुटेना. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालानेही हेच बजावले आहे, की तंत्रज्ञान शिक्षकाच्या मदतीला असावे, त्याच्या जागी नसावे. आणखी एक दक्षता बाई घेतात. प्लिकर्समध्ये मुलांची नावे घालीत नाहीत, फक्त हजेरी क्रमांक घालतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलांचे फोटो गटागटांवर पाठविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपण काय करावे?

१. शाळेच्या विजेची चौकशी करावी. या वाडीत पालकांनी ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करून जोडणी परत मिळविली, तेव्हाच कपाटावरचा टीव्ही खाली आला. वीज नसेल तेथे नवे टॅब देणे म्हणजे पाणी नसताना ठिबक बसविणे होय.

२. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. या जागा कागदावर भरू नयेत. बैठकीला जावे.

३. देणगी द्यायची तर आधी शिक्षकांना विचारावे. या बाईंनी मागितले ते एवढेच: मोबाईल टीव्हीला जोडायची तार, नेटचा खर्च आणि कार्डे छापायला जाड कागद.

४. टोळी आपल्या फडात असेल तर मुकादमाला विचारावे, पोरे शाळेत जातात का. नसतील तर शाळेला कळवावे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती शेतकऱ्याच्या पोराने शिकावे म्हणून. तेव्हा शाळा नव्हती, आज शाळा आहे. पण शाळेत बसलेल्या प्रत्येक पोराला समजते आहे की नाही, हे पाहण्याचे काम शिल्लक आहे. बाईंच्या मोबाईलने त्या कामाला हातभार लावला, इतकेच त्याचे मोल. उद्या प्लिकर्स जाईल आणि दुसरे काही येईल. बाईंचीही कधी बदली होईल. मागच्या बाकावरच्या पोराचे काय अडले आहे हे आधी शोधायचे आणि मगच शिकवायचे, ही रीत मात्र शाळेत टिकली पाहिजे. ती टिकवणे शिक्षकांइतकेच आपल्याही हाती आहे.

तेव्हा पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा टॅब कधी येणार हे विचारू नका. "या महिन्यात आमच्या पोरांचं काय अडलं होतं, आणि तुम्हाला आमची काय मदत पाहिजे?" एवढे विचारा.