मार्केसास बेटे कोणी ‘शोधली’?

आपल्या सोयगाव तालुक्यात, लेणापूरजवळ, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावरच्या चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरवडून ठेवली आहे. तेवढ्यावरून ‘अजिंठ्याचा शोध स्मिथने लावला’ हे आपण शाळेपासून पाठ केले. डोंगरात गुरे चारणाऱ्यांना लेणी ठाऊक होती. नवी होती ती स्मिथला.

प्रशांत महासागरातल्या मार्केसास बेटांची गोष्ट अशीच आहे. ती १५९५ मध्ये मेन्दान्या या स्पॅनिश दर्यावर्दीने शोधली, असे पुस्तके सांगतात. वस्तुस्थिती अशी की पॉलिनेशियन लोक तिथे सुमारे हजार वर्षांपूर्वीच वस्ती करून राहिले होते. मेन्दान्याने दिले ते फक्त नाव, तेही पेरूच्या व्हाइसरॉयच्या ‘मार्केस’ या किताबावरून. त्याच्या लोकांनी काही दिवसांतच कित्येक बेटकऱ्यांना ठार मारले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

दुसरा गैरसमज मला जास्त अन्यायाचा वाटतो: हे लोक वादळात भरकटून तिथे पोहोचले असावेत! ताहितीपासून ही बेटे सुमारे १,४०० किलोमीटर, जवळचा खंड तर साडेचार हजारांहून लांब. भरकटलेला माणूस डुकरे, कोंबड्या आणि लावायची रोपे सोबत घेऊन निघत नाही. यांनी ती नेली. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे कोकणातला नीरफणस. जोडीला अळूचे कंद आणि नारळ. होड्या जोड-सांगाड्याच्या, आणि वाट ताऱ्यांवरून, लाटांच्या रोखावरून, पक्ष्यांच्या उड्डाणावरून काढायची. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही तशीच होडी कोणतेही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला गेली. मायक्रोनेशियाचा माउ पियाइलुग वाट दाखवत होता.

१९४७ मध्ये थोर हेयरडाल हा नॉर्वेचा संशोधक ‘कॉन-टिकी’ तराफ्यावर पेरूहून १०१ दिवसांत पॉलिनेशियात पोहोचला, म्हणून ‘हे लोक दक्षिण अमेरिकेतून आले’ असाही समज पसरला. भाषा आणि जनुके आशियाकडे बोट दाखवतात. अमेरिकेशी त्यांचा संबंध आला होता, हे खरे. आपण उपासाला खातो ते रताळे मूळचे अमेरिकेतले, आणि ते युरोपीय येण्याआधीच पॉलिनेशियात रुजले होते.

ज्वालामुखीची बेटे म्हणजे सतत धूर ओकणारे डोंगर, असेही नाही. मार्केसासचे ज्वालामुखी आज थंड आहेत. तिथला काळा बेसाल्ट म्हणजे अजिंठ्याच्या कड्याचाच भाऊबंद. फरक वयाचा: ती बेटे फार तर ५०-६० लाख वर्षांची, आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. भूवैज्ञानिकांच्या प्रचलित मतानुसार आपला लाव्हा जमिनीच्या खोलवरून उसळणाऱ्या ज्या तप्त झोतातून आला, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली जागा आहे.

‘ती संस्कृती संपली’ हा शेवटचा गैरसमज. बाहेरून आलेल्या रोगांनी १९२०च्या दशकात तिथे जेमतेम दोन हजारांच्या आसपास माणसे उरली होती. आज ती नऊ हजारांहून अधिक आहेत. भाषा, नाच आणि गोंदण टिकून आहे. ‘टॅटू’ हा शब्दच पॉलिनेशियन. अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारसा झाला, मार्केसास २०२४ मध्ये. त्या यादीत बेटांचे नाव आधी त्यांच्याच भाषेत लिहिले आहे: ‘ते हेनुआ एनाता’, म्हणजे माणसांची भूमी.