६२ दिवसांचे घड्याळ

इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत कॅन्सरच्या रुग्णांसाठी ऑक्टोबर २०२३ पासून तीन मुदती आहेत. फॅमिली डॉक्टरची तातडीची चिठ्ठी रुग्णालयात पोचली की घड्याळ सुरू होते. २८ दिवसांत कॅन्सर आहे की नाही ते सांगायचे. उपचार ठरल्यापासून ३१ दिवसांत आणि चिठ्ठीपासून ६२ दिवसांत पहिला उपचार सुरू करायचा. ही ६२ दिवसांची मुदत शंभरातल्या ८५ रुग्णांबाबत तरी पाळली जावी, अशी अपेक्षा असते. देशभराच्या आकड्यांत ती डिसेंबर २०१५ नंतर पुरी झालेली नाही.

दिवस जातात कुठे? स्तनातल्या गाठीच्या तपासण्या पुष्कळदा एकाच फेरीत उरकतात. प्रोस्टेटचे तसे नाही: आधी एमआरआय, मग बायोप्सी, मग पॅथॉलॉजीचा अहवाल, मग तज्ज्ञांची आठवड्याची बैठक. पायरीला आठवडा धरला तरी महिना उलटतो. शिवाय रेडिऑलॉजिस्ट अपुरे. मोजणीतही एक गोम आहे. ६३व्या दिवशी उपचार मिळालेला रुग्ण आणि १२०व्या दिवशी मिळालेला, दोघेही टक्केवारीत सारखेच 'मुदत चुकलेले' ठरतात.