श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळलं

निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळलं. वाचणारा म्हणतो, कुत्र्याला काही जमलं नाही. मला हे वाचून दरवेळी वाईट वाटतं, कारण बहुतेकदा त्या कुत्र्याने आपलं काम पुरं केलेलं असतं. माणूस चालतो तेव्हा त्याच्या अंगावरचे बारीक कण आणि पायाखाली चिरडलेल्या गवताचा, उकरलेल्या मातीचा वास वाटेवर पडत जातो. तो गाडीत बसला की माग तिथेच तुटतो. निपाणीला तर पुणे-बंगळूर महामार्ग लागूनच आहे. चोर इथवर पायी आला आणि इथून बहुधा वाहनाने गेला, एवढं ते घुटमळणं सांगतं. तपासाला ते मोलाचं असतं.

या कामाची स्पर्धाही होते. पोलीस आणि केंद्रीय दलांच्या कर्तव्य मेळाव्यात श्वानपथकं उतरतात. कोणी माग काढायचा, कोणी स्फोटकं हुडकायची, कोणी अमली पदार्थ. तिथलं बक्षीस कुत्र्याच्या अक्राळविक्राळपणाला मिळतं, असं अनेकांना वाटतं. पण स्फोटकं हुडकण्याच्या कामात भुंकणं आणि चावणं यांना जागाच नाही. ती सापडली की कुत्र्याने गुमान बसायचं असतं. पंजा मारला तर जिवावर बेतायचं.

आपल्या भागातला सगळ्यात मोठा गैरसमज मात्र मुधोळ जातीच्या कुत्र्याविषयी आहे. गावोगावच्या जत्रेत श्वानशर्यती लागतात, तिथे हे कुत्रं बाणासारखं सुटलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे मुधोळ म्हणजे नुसते पाय, नाकाचं काम जर्मन शेफर्डने नाहीतर लॅब्रॅडॉरने करावं, हे डोक्यात पक्कं बसलंय. हे कुत्रं सावज डोळ्याने हेरून पळणाऱ्या जातीतलं आहे, हे खरं. पण डोळे तेज आहेत म्हणून नाक बंद नसतं. २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाची रिया ही मुधोळ कुत्री उतरली. विदेशी जातींच्या ११६ श्वानांना मागे टाकून ती माग काढण्यात पहिली आली, आणि मेळाव्यातला सर्वोत्तम श्वानही तीच ठरली. ज्या मुधोळचं नाव ती लावते ते गाव गोकाकच्या पलीकडे, घटप्रभेच्या काठी, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानचं. आपल्या दारातल्या जातीची ही गोष्ट बेळगावच्या पोरांना तोंडपाठ असायला हवी.

मुधोळची जोडी १९३७ साली पाचव्या जॉर्जला भेट दिली, असं सर्रास छापून येतं. पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच वारला होता. म्हणजे साल तरी चुकलंय, नाहीतर राजा. नावाचाही असाच घोळ आहे: कारवानी आणि मुधोळ या दोन जाती नव्हेत. एकाच कुत्र्याची नोंद एक संस्था एका नावाने करते, दुसरी दुसऱ्या.

आणि मुधोळच्या बरगड्या दिसतात म्हणून मालकाला बोल लावणाऱ्यांनी एकदा जवळ बसून बघावं. छाती खोल, पोट आत ओढलेलं, कातडी पातळ, मांडीचे स्नायू मात्र दगडासारखे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही या जातीची ठेवणच आहे. अशा कुत्र्याला भाकरी चारून गोल करणं म्हणजे त्याचं नुकसान.

मुधोळचा कस बघायचा म्हणून त्याच्यापुढे जिवंत ससा सोडण्याचा प्रकार कुठे होत असेल तर त्याला खेळ म्हणू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही तो गुन्हा, आणि ससा रानातला असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही. 'जुनी चाल आहे' म्हणून त्यातून सुटका नाही.

आता हँडलर. आपले लोक त्याला 'कुत्रं धरणारा' म्हणतात. खरं तर स्पर्धेत दोघांचाही कस लागतो. माग काढताना कुत्रं लांब दोरावर पुढे असतं, हँडलर मागे. वळणावर कुत्र्याची मान क्षणभर वर येते, शेपटीची हालचाल थांबते, ते अर्धं वर्तुळ घेतं आणि पुन्हा नाक खाली घालतं. त्या क्षणी हँडलरने दोर ढिला सोडायचा असतो. त्याने आपल्या अंदाजाने जरा ओढला, तर कुत्रं माणसाचं ऐकतं आणि वास सोडतं. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हेच तपासलं. १८ जोड्यांना अशा जागेत सोडलं जिथे शोधायचा वास कुठेच नव्हता, पण हँडलरना सांगितलं होतं की तो असू शकतो. जोड्यांनी मिळून २२५ वेळा खोटा इशारा दिला. आपल्या माणसाच्या मनात काय आहे, ते कुत्रं त्याच्या उभं राहण्यावरूनही ओळखतं. म्हणून चांगल्या चाचणीत वस्तू कुठे लपवली आहे हे हँडलरलाही ठाऊक नसतं.

'कुत्र्याने दाखवला म्हणजे तोच चोर' हा समजही यामुळेच धोक्याचा. कुत्र्याची उलटतपासणी होत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, १९६९ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की श्वानाने काढलेल्या मागाला पुरावा म्हणून सहसा फारसं वजन देता येत नाही. त्यावरून तपासाची दिशा मिळते, शिक्षेला मात्र दुसरा पुरावा लागतो.

राहिला एक समज, जो ऐकून हँडलर मंडळी कळवळतात: गांजा हुडकणाऱ्या कुत्र्याला गांजाची सवय लावलेली असते. तसं काही नसतं. कुत्र्याला शिकवलेलं एवढंच की हा वास सापडला की आपला चेंडू मिळतो. गोदामातली पोती हुंगत हुंगत ते एका पोत्याशी थबकतं, खाली बसतं आणि मान वळवून हँडलरच्या खिशाकडे बघतं.