ब्रीद कोणाचे, भाषा कोणाची?

आमच्या येथील मंडळाच्या नव्या वास्तूवर एखादे ब्रीदवाक्य कोरावे असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले आणि ते कोणत्या भाषेत असावे यावर दोन तास वाद झाला. संस्कृत घ्यावे तर मुलांना उमगत नाही, मराठी घ्यावे तर शेजारच्या गुजराती बंधूंना परके वाटेल, आणि इंग्रजी घ्यावे तर मंडळ तरी कशाला काढले, अशी मते पडली. घरी परतताना आम्हांला आमच्या शाळेचा बिल्ला आठवला. सहा वर्षे तो आम्ही सदऱ्यावर मिरवला. त्यावरील लॅटिन शब्दांचा अर्थ मात्र शाळा सोडल्यावर कित्येक वर्षांनी कळला. तोवर ती नक्षीच आहे अशी आमची प्रामाणिक समजूत होती!

‘ब्रीद’ हा शब्द ‘बिरुद’ या संस्कृत शब्दापासून आला. पूर्वी ब्रीदाचा तोडर पायात बांधीत; तो अलंकार खरा, पण त्यात आव्हानही असे. ब्रीद म्हणजे नुसती पदवी नव्हे. ते राखावे लागते.

युरोपात हे ब्रीद लॅटिनमध्ये लिहिण्याची रूढी पडली, याचे कारण उघड आहे. लॅटिन ही धर्मपीठाची, विद्यापीठांची व विद्वानांच्या पत्रव्यवहाराची सामाईक भाषा होती. ती कोणाचीच मातृभाषा उरली नव्हती, म्हणून तिचा कोणाला हेवाही नव्हता. शिवाय विभक्तिप्रत्ययांमुळे दोनतीन शब्दांत पुरा अर्थ बसतो. संस्कृतशी परिचय असलेल्यांना ही सोय सांगावयास नको.

या साऱ्यांत आम्हांला सर्वांत आवडते ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे ब्रीद. १६६० साली स्थापन झालेल्या या विज्ञानसंस्थेने ‘नुल्लिउस इन वेर्बा’ हे शब्द स्वीकारले. ‘कोणाच्याही शब्दावर नाही’, एवढाच त्याचा अर्थ. अमुक एका आचार्याने सांगितले म्हणून खरे, हे चालणार नाही. प्रयोग करून पाहा, मग माना. आपल्याकडील परिभाषेत सांगावयाचे तर आप्तवाक्य हे प्रमाणच नव्हे. गंमत अशी की, कोणाचाही शब्द न मानण्याची ही प्रतिज्ञा होरेस या प्राचीन रोमन कवीच्या शब्दांवरून घेतलेली आहे! गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९९८ साली याच संस्थेचे फेलो झाले.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ब्रीद आहे ‘प्रोवोकान्स आद वोलान्दुम’, म्हणजे ‘उडण्यास उद्युक्त करणारा’. ही उपमा बायबलातील गरुडाची आहे. तो आपले घरटे हलवून पिलांना पंख पसरावयास लावतो. १८६९ पासून मुले घडविणाऱ्या संस्थेला याहून समर्पक चित्र क्वचितच सापडले असते.

त्याच शहराच्या नगरपालिकेचे जुने ब्रीद मात्र वेगळ्या जातीचे. ‘ऊर्ब्स प्रीमा इन इंदीस’, म्हणजे हिंदुस्थानातील पहिले नगर. १८९३ साली पूर्ण झालेल्या पालिकेच्या भव्य इमारतीच्या दर्शनी भागावरील पंखधारी स्त्रीमूर्ती ही याच कल्पनेचे रूप होय. यात प्रतिज्ञा कोठे आहे? ही तर केवळ प्रौढी. आज महापालिकेच्या चिन्हावर ‘यतो धर्मस्ततो जयः’ आहे. ते पाळणे कठीण, पण निदान ते पाळण्याजोगे आहे.

सैन्याने हा बदल अधिक सहजतेने केला. ब्रिटिश लष्करातील इंजिनियरांना १८३२ साली ‘उबीक्वे’, म्हणजे ‘सर्व ठिकाणी’, हे ब्रीद मिळाले होते. आज भारतीय सैन्याच्या इंजिनियर दलाचे ब्रीद ‘सर्वत्र’ असे आहे. अर्थ तोच, भाषा आपली. आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा कोणताही जवान त्याचा अर्थ न अडखळता सांगू शकेल.

आता आमच्या बडोद्याकडे. गायकवाडांच्या राजचिन्हावरील ‘जिन घर जिन तख्त’ ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्याचा अर्थ विचारावा लागला नसेल. घोड्याचे जीन हेच घर, जीन हेच सिंहासन. मोहिमांवर आयुष्य काढणाऱ्या घराण्याची ती आठवण आहे. पण संस्थानिकांच्या छातीवर इंग्रजांनी आपलेही ब्रीद लावले. १८७८ साली निघालेल्या ‘इंडियन एम्पायर’ या सन्मानाच्या ताऱ्यावर ‘इंपेरात्रिसिस ऑस्पिसिस’, म्हणजे ‘सम्राज्ञीच्या छत्राखाली’, असे शब्द होते. सयाजीराव महाराजांना हा सन्मान १९१९ साली मिळाला. तोवर ती सम्राज्ञी निवर्तून अठरा वर्षे झाली होती. ताऱ्यावरील लॅटिनला त्याची वार्ता नव्हती. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे एकदाच मान लववून पाठ फिरवल्याबद्दल ज्या महाराजांवर इंग्रजी वृत्तपत्रे तुटून पडली, तेच हे महाराज. छातीवर ‘छत्राखाली’ आणि चिन्हावर ‘जीन हेच सिंहासन’, यांतील कोणते ब्रीद त्यांना आपले वाटत असेल हे वाचकांनी ठरवावे.

आमच्या मंडळाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. बालवर्गातील मुलांना आधी चार मराठी वाक्ये वाचावयास द्यावीत आणि ज्या वाक्याचा अर्थ ती न विचारता सांगतील तेच भिंतीवर कोरावे, अशी सूचना आम्ही मांडणार आहोत. अध्यक्षांचा कल संस्कृतकडे आहे. शब्द तीनाहून अधिक नसावेत, एवढ्यावर मात्र सर्वांचे एकमत झाले आहे, कारण दगडावर कोरणारा कारागीर अक्षरागणिक पैसे घेतो.