उपासाचा शिंगाडा, हडसनचा शिंगाडा

श्रावण आला की आपल्या घरांतून शिंगाड्याच्या पिठाची शोधाशोध सुरू होते. पीठ नाही मिळाले, तर चिनी दुकानातला 'वॉटर चेस्टनट'चा डबा चालेल का, असे कोणीतरी हमखास विचारते. मंडळी, तो शिंगाडा नव्हे! तो चिखलात वाढणारा, लव्हाळ्याच्या कुळातला कंद. आपला शिंगाडा म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचे फळ. इंग्रजीत दोघांना एकच नाव पडल्यामुळे हा सगळा घोटाळा.

शिंगाड्याला पूर्वी वनस्पतिशास्त्रात स्वतंत्र कूळ होते. आता त्याला मेंदीच्या कुळात घेतले आहे. म्हणजे मेंदी, डाळिंब आणि महाराष्ट्राचे राज्यफूल तामण हे त्याचे भाऊबंद! त्याची वरची पाने त्रिकोणी, दातेरी, गोल चक्रासारखी पसरलेली. पानांचे देठ मध्येच फुगीर असतात, आत हवा असते, म्हणून चक्र बुडत नाही. फूल पांढरे, चार पाकळ्यांचे. फळ मात्र पाण्याखाली धरते.

विदर्भात भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत ढीवर समाजातली मंडळी शिंगाड्याचे पीक घेतात. आपल्या न्यूयॉर्क राज्यात हाच शिंगाडा उपद्रवी ठरला आहे. त्याची चार काट्यांची जात १८८४ च्या सुमारास स्कोशियाजवळच्या कॉलिन्स तलावात आली आणि पुढे मोहॉक व हडसन नद्यांत पसरली. पानांच्या दाट गालिच्याखाली उजेड पोचत नाही. पाने प्राणवायू सोडतात तो वरच्या हवेत, त्यामुळे खालच्या पाण्यात तो कमी पडतो आणि मासे गुदमरतात. काटेही असे, की अनवाणी पायात सहज घुसावेत.

वनस्पती एकाच वर्षाची, थंडीत मरते. पण तळाशी पडलेले बी बारा वर्षांपर्यंत रुजू शकते. म्हणून फळे पिकून गळण्याआधी, जून-जुलैत, ती मुळासकट उपटावी लागते. अनेक ठिकाणी स्वयंसेवक होडीतून हे काम करतात. मुलांना घेऊन एखाद्या शनिवारी जरूर जावे.

राज्यात शिंगाड्याची रोपे किंवा रुजणारे बी आणणे, विकणे, लावणे याला बंदी आहे. तेव्हा भारतातून येताना ताजे शिंगाडे बॅगेत घालू नयेत, आणि हौसेने घरच्या तळ्यात तर मुळीच टाकू नयेत. पिठाची काळजी नको. दळलेला शिंगाडा काही रुजत नाही. उपासाचा शिरा आपण निर्धास्त करूया!