मोर्चा की दंगल? : एका जुन्या वादाची उकल

आमच्या घरात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी दोन शब्द होते. वडील ‘मोर्चा’ म्हणत, आत्या ‘दंगल’ म्हणे. १९५५ साली वडील अकरा वर्षांचे होते, आत्या सोळा वर्षांची. दोघे एकाच चाळीत, लालबागच्या एकाच दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेले. आजोबा गिरणीत साचेवाले. सणासुदीला सगळे जमले की हा विषय निघे आणि कोणीतरी ताटावरून उठेपर्यंत चाले. आत्या काँग्रेसवाल्या घरात पडली म्हणून तसे बोलते, असे वडिलांचे मत. भावाला पुतळे आणि पोवाडे कळतात, माणसे कळत नाहीत, असे आत्याचे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. पोटासाठी बाइंडिंगचे काम करतो. एका ग्रंथालयाच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली बांधायला आल्या आणि शिवण घालता घालता मी वाचू लागलो, तेव्हापासून हा नाद लागला. त्या फायलींत एकाच दिवसाची, वेगवेगळ्या मतांची दोन पत्रे शेजारी ठेवली की दोन वेगळ्या शहरांच्या बातम्या वाचतो आहोत असे वाटे. वडील आणि आत्या यांच्यातला वाद फक्त आमच्या घरचा नाही, हे तेव्हा ध्यानात आले. रस्त्यावरचे प्रत्येक आंदोलन संपले की तो सुरू होतो : हे शांततेचे होते की हिंसक? हा वाद सुटत का नाही, याची उकल करण्याचा हा एक प्रयत्न.

दोन शब्द, दोन दिवस

आधी घटनाक्रम पाहू. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य नव्हते. पुढच्या महिन्यात काँग्रेस कार्यकारिणीने त्रिराज्य योजना मांडली : महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर वेगळे. २० नोव्हेंबरला, रविवारी, चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. भाषणांनी लोक चिडले, दगड आणि चपला फेकल्या गेल्या, सभा उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, कामगारांनी संप केला आणि विधानसभेच्या दिशेने लोक निघाले. फ्लोरा फाउंटनच्या परिसरात पोलिसांनी त्यांना अडवले. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, गोळीबार झाला. त्या दिवशी पंधरा माणसे गेली.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला आणि शहर पेटले. पुढचा जवळजवळ आठवडाभर गिरणगावात आणि गिरगावात दगडफेक, जाळपोळ, गुजराती व्यापाऱ्यांच्या दुकानांची लूट आणि वारंवार गोळीबार असे सगळे एकत्र घडत राहिले. लढ्यातील बहुतेक बळी याच आठवड्यातले. दोन्ही वेळचे मिळून १०५ हुतात्मे असा आकडा मराठी माणसाच्या तोंडी बसला. पुढे तो १०६ झाला, काही याद्यांत १०७.

वडिलांच्या मनात २१ नोव्हेंबर होता. आजोबा त्या संध्याकाळी एका पायात चप्पल आणि लालभडक डोळे घेऊन घरी आले होते. त्यांच्या हातात ना दगड होता ना काठी, हे वडिलांनी स्वतः पाहिले होते. आत्याच्या मनात जानेवारीची एक रात्र होती. ती मला तिने २००९ साली सांगितली, वडील गेल्यानंतर.

कोपऱ्यावर एका गुजराती वाण्याचे दुकान होते. चाळीतली निम्मी घरे त्याच्या वहीवर उधारीने जगत. त्या रात्री दुकानाची फळी फोडली गेली. फोडणारे बाहेरचे होते, पण आत शिरणाऱ्यांत चाळीतलीही पोरे होती. आणि पहाटे आमच्या खोलीत डालड्याचा एक डबा आला. आणणारे आजोबाच होते. आजीने तो उघडला नाही. संचारबंदी उठल्यावर पदराखाली झाकून तिने तो वाण्याला नेऊन दिला. वाण्याने काही न बोलता ठेवून घेतला. वडिलांना हे माहीत होते का, असे मी विचारले तेव्हा आत्या म्हणाली, “तोच डबा उचलून चुलीमागे ठेवत होता.”

त्याच आठवड्यात आमच्या जिन्याजवळच्या भिंतीत गोळीने पडलेला खळगा मी लहानपणी बोट घालून पाहिलेला आहे. जिन्यात कोणी दगडफेक करत नव्हते. डबा आणि खळगा, दोन्ही खरे.

मोजायचे काय?

‘शांततेचे’ किंवा ‘हिंसक’ हे विशेषण आपण नेमके कशाला लावतो? एका माणसाला, एका मोर्चाला, एका दिवसाला, की अख्ख्या चळवळीला? वाद घालणारे दोघे बहुधा वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. संयुक्त महाराष्ट्राचा लढा १ मे १९६० पर्यंत चालला. त्यात शेकडो सभा, संप, सत्याग्रह आणि एक सार्वत्रिक निवडणूक येते. दिवस मोजले तर लढा शांततेचा ठरतो. जानेवारीच्या आठवड्यातली फुटलेली दुकाने मोजली तर तोच लढा हिंसक ठरतो. दोन्ही मोजण्या प्रामाणिक असू शकतात.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर जी निदर्शने झाली, त्यांच्याविषयी तिथे असाच वाद झाला. संघर्षांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘अ‍ॅक्लेड’ या संस्थेने त्या उन्हाळ्यातील हजारो निदर्शने तपासली आणि ९३ टक्क्यांहून अधिक शांततेत पार पडली असे सांगितले. पण ज्यांनी मिनियापोलिसमध्ये पोलीस ठाणे जळताना पाहिले, त्यांना ही टक्केवारी थट्टा वाटली. एक बाजू निदर्शने मोजत होती, दुसरी राख मोजत होती. आकडा खोटा नव्हता आणि राखही खोटी नव्हती.

दुसरा प्रश्न, गोष्ट कुठून सुरू करायची. सरकार पक्ष ती चौपाटीवरच्या दगडांपासून सुरू करी. चळवळीचे लोक ती त्या सभेतल्या भाषणांपासून, त्याही आधी त्रिराज्य योजनेपासून सुरू करत. ‘पहिला दगड कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर तुम्ही घड्याळ कुठे लावता यावर ठरते.

तिसरा प्रश्न मापाचा. दगड आणि गोळी यांना एकाच तागडीत घालता येत नाही. दगडफेक झाली हे मान्य केले म्हणून शंभरावर माणसांचे जीव घेणे आपोआप योग्य ठरत नाही. उलट, गोळीबार अमानुष होता म्हणून वाण्याचे दुकान फुटलेच नाही असेही होत नाही. आपल्याकडे एका गोष्टीची कबुली म्हणजे दुसऱ्या गोष्टीची माफी असे समजले जाते. त्यामुळे कोणीच काही कबूल करत नाही.

कायद्यातला दगड

हा वाद नुसता शब्दांचा नाही, कारण त्या शब्दांवर माणसांचे भवितव्य टांगलेले असते. भारतीय दंड संहितेच्या कलम १४१ नुसार पाच किंवा अधिक माणसे ठरावीक स्वरूपाच्या बेकायदा हेतूने जमली तर तो बेकायदा जमाव. आणि कलम १४६ नुसार त्या जमावाने किंवा त्यातल्या एखाद्यानेही समान हेतूसाठी बळ वापरले, तर जमावातला प्रत्येक जण दंग्याच्या गुन्ह्याला पात्र. म्हणजे कायद्याच्या नजरेत एकाचा दगड हा सगळ्यांचा दगड होऊ शकतो. केवळ बघ्या म्हणून उभा असलेला माणूस अशा जमावाचा घटक ठरत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण ते न्यायालयात, काही वर्षांनी. रस्त्यावर गोळी सुटते तेव्हा बघ्या कोण आणि दंगेखोर कोण, हे विचारायला ती थांबत नाही. १८६० ची ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १८९ आणि १९१ मध्ये ही तरतूद मूळ गाभ्यानिशी कायम आहे.

म्हणूनच सत्तेला ‘दंगल’ हा शब्द सोयीचा असतो. तो एकदा चिकटला की जमावातल्या प्रत्येकाचा हिशेब एकाच रकान्यात मांडता येतो. चळवळीला ‘हुतात्मा’ हा शब्द सोयीचा असतो, तोही याच कारणाने. मोर्चात घोषणा देणारा, लुटीच्या गर्दीत सापडलेला आणि दूध आणायला खाली उतरलेला, असे तिघेही त्या एका शब्दात मावतात. मरणाऱ्याने त्या क्षणी काय केले होते, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत.

न झालेली चौकशी

मग ते सांगायचे कोणी? याला एकच सभ्य उत्तर आहे : साक्षी घेणारी, उलटतपासणी करणारी, कोणत्या ठिकाणी कोणाच्या हुकमाने किती गोळ्या झाडल्या याची नोंद करणारी न्यायालयीन चौकशी. मुंबईच्या गोळीबाराची तशी चौकशी व्हावी अशी मागणी तेव्हाच झाली. मोरारजींच्या सरकारने ती मानली नाही. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्यामागची कारणे मांडली, तेव्हा ही नाकारलेली चौकशी त्यांच्या तक्रारींत होती. रिझर्व्ह बँकेचा हा माजी गव्हर्नर काही रस्त्यावरचा पुढारी नव्हता. गोळीबार झाला, आणि तो तपासायलाही सरकार तयार नाही, हे त्यांना सहन झाले नाही.

याच राज्यात दोन वर्षांनी काय घडले ते पाहण्यासारखे आहे. महागुजरातच्या चळवळीत ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत गोळीबार होऊन तरुण मुले गेली. तिथेही हुतात्मा की दंगेखोर हाच वाद. दोन वर्षांनी त्यांच्या स्मारकावरून ऑगस्ट १९५८ मध्ये पुन्हा गोळीबार झाला. त्या १९५८ च्या गोळीबाराची मात्र चौकशी झाली, न्यायमूर्ती कोतवाल यांच्या आयोगामार्फत. आयोगाचे निष्कर्ष कोणाला पटोत न पटोत, वाद घालायला निदान एक सामाईक कागद मिळाला. मुंबईच्या वाट्याला तो कागद आला नाही. तेव्हा हे भांडण मराठी विरुद्ध गुजराती असे नव्हतेच. गोळी खाणारे दोन्हीकडे होते आणि दोन्हीकडच्या आयांना एकच प्रश्न विचारायचा होता.

तो कागद नसल्यामुळे उरली ती आत्मचरित्रे. मोरारजींनी आपली बाजू लिहिली, एस. एम. जोशींनी आपली, अत्र्यांनी आपली. लालजी पेंडसे यांनी ‘महाराष्ट्राचे महामंथन’ या ग्रंथात लढ्याचा इतिहास मांडला. ही सगळी पुस्तके मी वाचली, काही तर स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली. पण जिन्याजवळच्या त्या खळग्याची गोळी कोणत्या हुकमाने सुटली, हे त्यातल्या एकाही पुस्तकात असणे शक्य नव्हते. ते फक्त चौकशीच्या कागदात असू शकले असते.

पसरणीचा घाट

चळवळीच्या नेत्यांना हे कळत नव्हते असे नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. जानेवारीसारखा आठवडा पुन्हा आला तर आपली मागणी लुटीच्या ढिगाखाली गाडली जाईल, याची जाणीव एस. एम. यांच्यासारख्यांना होती. त्याची परीक्षा ३० नोव्हेंबर १९५७ रोजी झाली. प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू येणार होते आणि समितीने काळी निशाणे दाखवायचे ठरवले होते. वाई आणि पसरणीच्या घाटात हजारो माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी निदर्शने चिरडली नाहीत आणि समितीने आपली माणसे आवरली. पंतप्रधानांची गाडी निशाणांमधून गेली. दगड नाही, गोळी नाही.

या दिवसाला शांततेचे म्हणायचे की हिंसक, यावर कधीच वाद झाला नाही. माझ्या मते सगळ्या उकलीचे सार इथे आहे. आंदोलन शांततेचे राहणे ही एकट्या आंदोलकांची करामत नसते आणि ते बिघडणे हा एकट्या जमावाचा गुन्हा नसतो. ते दोन बाजूंनी मिळून घडते किंवा बिघडते. म्हणून कोणत्याही मोर्चाविषयी मत देण्याआधी मी आता पाच प्रश्न विचारतो : कोणता दिवस, कोणती जागा, कोणी काय केले, हुकूम कोणाचा होता आणि चौकशी झाली का? पहिल्या चारांची उत्तरे मिळणे शेवटच्यावर अवलंबून असते. जे सरकार चौकशी टाळते, त्याला त्या आंदोलनाला हिंसक म्हणण्याचा अधिकार उरत नाही. आणि जी चळवळ आपल्या घरातला डबा लपवते, तिची शांततेची ग्वाही कोणी पुरी मानत नाही.

डब्याची गोष्ट छापावी की नाही, यावर मी बरीच वर्षे अडलो होतो. आजोबांची त्यात बेअब्रू होते असे वाटे. आता वाटते, ज्या माणसाने २१ नोव्हेंबरला रिकाम्या हातांनी अश्रुधूर खाल्ला, त्यानेच जानेवारीत डबा उचलला. एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

फ्लोरा फाउंटनजवळ पुढे हुतात्मा स्मारक उभे राहिले. आमची चाळ पाडून तिथे आता टॉवर झाला आहे. जिन्याजवळची ती भिंत गेली. पाडकामाच्या आधी मी तिचा फोटो काढून ठेवला आहे. चौकशी कधी झालीच, तर पुरावा म्हणून तेवढा एक माझ्याकडे आहे.